ॲपवरची मजुरी : दर दिसतो, हिशोब दिसत नाही

बाजारात दोन गोष्टी उघड्या असाव्या लागतात. एक माप आणि दुसरा भाव. माप उघडे असेल तर गिऱ्हाईक पुन्हा दुकानाची पायरी चढते आणि भाव उघडा असेल तर भांडण होत नाही. आज मोबाइलवरच्या ॲपमार्फत अनेक प्रकारची कामे मिळतात. जेवण आणि किराणा घरपोच देणे, रिक्षा-टॅक्सी चालवणे, टेम्पोने माल पोहोचवणे, घरोघरी जाऊन नळ, वीज आणि एसीची दुरुस्ती करणे ही त्यांतील काही. या कामांत माप आणि भाव कितपत उघडे आहेत, हे या लेखात पाहायचे आहे.

विषय दूरचा नाही. लूमवर, शिलाईच्या मशीनवर किंवा जरीकामाच्या अड्ड्यावर बसणाऱ्या कारागिराचा मुलगा आज मोटारसायकल घेऊन पाठीवर बॅग लावून बाहेर पडतो. नीती आयोगाच्या जून २०२२ च्या अहवालात अशी कामे करणाऱ्यांची संख्या २०२०-२१ साली ७७ लाख धरली होती आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाखांवर जाईल असा अंदाज दिला होता. एवढी माणसे ज्या व्यवहारावर पोट भरतात, तो व्यवहार व्यापाऱ्याच्या नजरेने एकदा तपासून पाहिला पाहिजे.

रुमालाखालचा सौदा

जुन्या व्यापाऱ्यांना हत्ता पद्धत आठवत असेल. शेतकरी माल घेऊन बाजारात येई. अडत्या आणि खरेदीदार एकमेकांचा हात रुमालाखाली किंवा धोतराच्या सोग्याखाली धरीत आणि बोटे दाबून भाव ठरवीत. ज्याचा माल तो समोर उभा असे, पण त्याला फक्त रुमाल दिसे. शेवटी एक आकडा सांगितला जाई आणि तो मान्य करण्यावाचून त्याला गत्यंतर नसे. त्यातून तोलाई, हमाली, वटाव अशा कपाती व्हायच्या त्या वेगळ्याच.

त्या काळचे सगळेच अडते बेइमान होते असे नाही. दोष पद्धतीत होता. दोन पक्षांपैकी एकाला संपूर्ण हिशोब माहीत आणि दुसऱ्याला फक्त शेवटचा आकडा, अशी स्थिती असली की प्रामाणिक माणसाचाही हात हळूहळू सैल होतो. म्हणून उपदेश करून भागले नाही, नियम करावे लागले. वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ साली कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. १८९७ साली वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांचा कायदा आला. पुढे महाराष्ट्राचा कृषी उत्पन्न बाजाराचा कायदा १९६३ साली झाला. उघडा लिलाव, खरा तोल आणि लेखी हिशोबपट्टी या मार्गाने रुमाल बाजूला करण्याचा प्रयत्न झाला.

ॲपच्या कामात हा रुमाल पुन्हा आला आहे. गिऱ्हाइकाने किती दिले हे गिऱ्हाइकाला माहीत असते आणि मजुराला किती मिळाले हे मजुराला माहीत असते. मधला सगळा हिशोब फक्त कंपनीला माहीत असतो. मजुरी कमी की जास्त हा प्रश्न महत्त्वाचा आहेच, पण त्याच्या आधीचा प्रश्न असा की ती मजुरी ठरली कशी? याचे उत्तर मिळत नाही, तोपर्यंत कमी-जास्तीची चर्चासुद्धा नीट होऊ शकत नाही.

पहिला प्रकार : माप कोणाचे?

आपल्या दुकानातल्या मीटरपट्टीवर वजनमापे खात्याचा शिक्का असतो. शिक्का नसलेली पट्टी वापरली तर दंड होतो. रिक्षा-टॅक्सीच्या मीटरचीही तपासणी होते. विकणाऱ्याचे माप विकणाऱ्यानेच खरे म्हणायचे नाही, तिसऱ्याने तपासायचे, हा त्यामागचा विचार आहे.

ॲपवर मजुरी अंतरावर ठरते, पण हे अंतर मोजणारी पट्टी कंपनीच्या संगणकात असते. नकाशावरचे अंतर धरले की प्रत्यक्ष रस्त्याचे? हॉटेलपर्यंत जाण्याचे अंतर धरले की तिथून पुढचेच? माल देऊन रिकामे परत येण्याचे काय? हॉटेलच्या दारात २० मिनिटे थांबावे लागले तर ती वेळ कोणाच्या खाती? कामाला हात घालण्यापूर्वी ही उत्तरे लेखी मिळाली पाहिजेत.

दरही एका रात्रीत बदलतो. एप्रिल २०२३ मध्ये दिल्ली आणि आसपासच्या शहरांत ब्लिंकिटच्या डिलिव्हरीच्या मुलांनी काम बंद ठेवले होते. आधी ऑर्डरमागे किमान २५ रुपये मिळत, नव्या पद्धतीत ते किमान १५ रुपये झाले आणि पुढची रक्कम अंतरावर ठेवली गेली. व्यापारात भाव खाली-वर होतात, यात नवल नाही. परंतु भाव बदलताना दोन्ही पक्ष समोरासमोर बसतात. इथे एक पक्ष भाव बदलतो आणि दुसऱ्याला मोबाइलच्या पडद्यावर त्याची खबर मिळते.

दुसरा प्रकार : बक्षिसीवर हात

झाकलेल्या हिशोबात काय काय होऊ शकते, याचा पूर्ण तपशील अमेरिकेतल्या एका प्रकरणात बाहेर आला. तिथल्या सरकारी आयोगाने कंपनीचा कारभार तपासला, म्हणून उदाहरण तिथले घेतले आहे.

ॲमेझॉन कंपनी ‘फ्लेक्स’ या नावाने स्वतःची गाडी असलेल्या चालकांकडून माल पोहोचवून घेते. जाहिरात अशी होती की तासाला १८ ते २५ डॉलर मिळतील आणि गिऱ्हाइकाने दिलेली टिप शंभर टक्के चालकाची. २०१६ च्या अखेरीस कंपनीने आतला हिशोब बदलला, पण चालकांना सांगितले नाही. समजा कंपनीने त्या भागासाठी आपला दर गुपचूप १२ डॉलर धरला आणि गिऱ्हाइकाने ६ डॉलर टिप दिली. चालकाला १८ डॉलर मिळत. त्याला वाटे की कंपनीने ठरल्याप्रमाणे दिले. खरे म्हणजे १८ पैकी ६ गिऱ्हाइकाचे होते. चालकाच्या बक्षिसीतून कंपनी आपलेच कबूल केलेले देणे फेडत होती. हे ऑगस्ट २०१९ पर्यंत, म्हणजे जवळजवळ अडीच वर्षे चालले. फेब्रुवारी २०२१ मध्ये व्यापार आयोगाशी झालेल्या समझोत्यात कंपनीने ६ कोटी १७ लाख डॉलर परत करण्याचे मान्य केले.

डोअरडॅश या दुसऱ्या कंपनीवर २०१७ ते २०१९ या काळातील अशाच पद्धतीबद्दल न्यूयॉर्क राज्याने कारवाई केली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिने १ कोटी ६७ लाख ५० हजार डॉलर देण्याचे कबूल केले.

यातली बाब आपल्या धंद्याच्या भाषेत अशी : नोकराचा पगार १८ ठरला. गिऱ्हाइकाने खूश होऊन त्याच्या हातावर ६ ठेवले. मालकाने ते पाहिले आणि पगारातून ६ कापून घेतले. बाजारपेठेत कोणत्याही दुकानदाराने हे केले तर दुसऱ्या दिवशी गल्लीभर चर्चा होईल. पडद्यावर सगळी रक्कम एकत्र दिसत होती, म्हणून अडीच वर्षे लागली.

तिसरा प्रकार : कपात कशाची?

कमिशन ठरलेले असले तरी ते कोणत्या रकमेवर काढायचे हा मोठा प्रश्न आहे. आडत नगावर की रकमेवर, कर धरून की कर वगळून, हे आपण सौद्यापूर्वी विचारतो. न्यूयॉर्कमध्ये उबर आणि लिफ्ट या टॅक्सी कंपन्यांनी २०१४ ते २०१७ या काळात प्रवाशाने भरावयाचा विक्रीकर आणि इतर शुल्क चालकांच्या कमाईतून कापले, असे राज्याच्या तपासात पुढे आले. नोव्हेंबर २०२३ च्या समझोत्यात उबरने २९ कोटी आणि लिफ्टने ३ कोटी ८० लाख डॉलर देण्याचे मान्य केले. एका फेरीमागे कापले गेलेले पैसे किरकोळ वाटतात. लाखो फेऱ्यांची बेरीज केली की डोंगर उभा राहतो.

आपल्याकडे केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये प्रवासी वाहतुकीच्या ॲपसाठी नव्या मार्गदर्शक सूचना काढल्या. स्वतःची गाडी चालवणाऱ्या चालकाला भाड्याच्या किमान ८० टक्के रक्कम मिळावी, असे त्यांत म्हटले आहे. ही सूचना चांगली आहे. परंतु एकूण भाडे किती घेतले हे चालकाला दिसले नाही, तर ८० टक्के कशाचे काढणार? टक्का सांगून भागत नाही, मूळ रकमेची पावतीही हवी.

काही ॲपनी फेरीमागचे कमिशन सोडून रोजची ठराविक फी घेण्याची पद्धत आणली आहे. यात कपात उघडी आहे, ही चांगली बाजू. मात्र त्या दिवशी धंदा झाला नाही तरी फी द्यावी लागते, म्हणजे मंदीचा सगळा भार चालकावर पडतो. उघडा सौदा नेहमी फायद्याचाच असतो असे नाही. पण तोटा कुठे आहे हे आधी कळते, एवढा त्याचा उपयोग नक्की आहे.

चौथा प्रकार : इन्सेंटिव्ह, तारे आणि बंद झालेला आयडी

दिवसाला अमुक ऑर्डर पूर्ण केल्या तर वरती १५० रुपये, असे इन्सेंटिव्ह असते. ऑर्डर कोणाला द्यायची हे कंपनीचे यंत्र ठरवते आणि त्या यंत्राचा नियम मजुराला ठाऊक नसतो. २२ ऑर्डरचे लक्ष्य असेल आणि विसाव्या ऑर्डरनंतर मोबाइल गप्प झाला, तर ऑर्डर खरोखर नव्हत्या की दुसरीकडे वळवल्या, हे मजुराला कळण्याचा मार्ग नाही. मी कोणावर आरोप करीत नाही. आरोप करण्याइतकी किंवा आरोप खोडण्याइतकी माहिती मजुराच्या हाती नसते, हीच तक्रार आहे.

त्यावर गिऱ्हाइकाने दिलेले तारे. पाऊस, बंद लिफ्ट, हॉटेलचा उशीर, सगळ्याची शिक्षा दारात उभ्या असलेल्या मुलाला मिळते. तारे कमी झाले की काम कमी होते आणि एखाद्या दिवशी आयडी बंद. कारण विचारायला समोर माणूस नसतो, छापील उत्तर येते. युरोपात याबाबत काही प्रगती झाली आहे. एप्रिल २०२३ मध्ये ॲमस्टरडॅमच्या अपील न्यायालयाने उबर आणि ओला यांच्याविरुद्धच्या प्रकरणांत चालकांच्या बाजूने महत्त्वाचे निकाल दिले. यंत्राने घेतलेल्या निर्णयामागची कारणे चालकाला समजली पाहिजेत, हा त्यांचा गाभा होता.

एका दिवसाचा हिशोब

आता कागद-पेन्सिल घेऊन एक हिशोब करू. आकडे समजुतीसाठी धरले आहेत, प्रत्येकाने आपले आकडे घालावेत.

एका मुलाने ११ तास ॲप चालू ठेवले, २० ऑर्डर दिल्या आणि ऑर्डरमागे सरासरी ३५ रुपये मिळाले. जमा ७०० रुपये. गाडी १०० किलोमीटर फिरली. लिटरला ४० किलोमीटर धरले तर अडीच लिटर पेट्रोल. लिटरला १०० रुपये धरले तरी खर्च २५० रुपये. ऑइल, टायर, साखळी आणि गाडीची झीज किलोमीटरला १ रुपया, म्हणजे १०० रुपये. मोबाइलचा खर्च १० रुपये. एकूण खर्च ३६०. हातात राहिले ३४० रुपये. ११ तासांनी भागले तर तासाला ३१ रुपये सुद्धा पुरे पडत नाहीत.

आता हाच दिवस दुसऱ्या मापाने पाहा. ऑर्डर हातात असलेले तास फक्त ७ धरले आणि खर्च वजा केलाच नाही, तर ७०० भागिले ७, म्हणजे तासाला १०० रुपये. जाहिरातीत हा दुसरा आकडा छापता येतो आणि तो खोटाही ठरत नाही. दिवस एकच, मुलगा एकच. माप बदलले की ३१ चे १०० होतात. गाडीची झीज रोज खिशातून जात नाही म्हणून ती खर्चात धरली जात नाही, आणि तीन वर्षांनी गाडी बदलायची वेळ आली की कर्ज काढावे लागते. भांडवल खाऊन त्याला नफा समजणारा दुकानदार जसा बुडतो, तसाच हा प्रकार आहे.

कायदा कुठपर्यंत आला?

कारखान्यातल्या मजुराच्या पगारातून मनमानी दंड कापता येऊ नये, यासाठी १९३६ साली वेतन देण्याचा कायदा झाला. मजुराला आपले म्हणणे मांडू दिल्याशिवाय दंड करायचा नाही आणि दंड वेतनाच्या ३ टक्क्यांपेक्षा जास्त करायचा नाही, ही तत्त्वे वेतन संहिता, २०१९ मध्येही आहेत. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. परंतु ॲपच्या कामगाराला कंपनी नोकर म्हणत नाही, ‘पार्टनर’ म्हणते. भागीदाराला वही पाहण्याचा हक्क असतो. नोकराला दंडापासून संरक्षण असते. या ‘पार्टनर’ला दोन्ही नाही.

त्याच दिवशी अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये मात्र ॲपच्या कामगारांची प्रथमच कायद्याने दखल घेतली आहे. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम सामाजिक सुरक्षा निधीत द्यावी, मात्र ती या कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांपेक्षा अधिक नसावी, अशी तरतूद आहे. विमा आणि आजारपणासाठी याचा उपयोग आहे. रोजच्या मजुरीचा हिशोब त्याने उघडा होत नाही.

राजस्थानने २०२३ साली या कामगारांसाठी देशातला पहिला राज्य कायदा केला. कर्नाटकाचा २०२५ चा कायदा हिशोबाच्या प्रश्नापर्यंत पोहोचला आहे. कराराच्या अटी बदलायच्या असतील तर १४ दिवस आधी सांगणे, काम बंद करायचे असेल तर लेखी कारण आणि पूर्वसूचना देणे, आणि मजुरी व तारे कशावर ठरतात याची माहिती मागण्याचा हक्क, अशा तरतुदी त्यात आहेत. रुमाल बाजूला करण्याची ती दिशा आहे.

मजुराने काय करावे?

कायदा पोहोचेपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही.

१) स्वतःची वही ठेवा. रोज ॲप किती वाजता सुरू केले आणि बंद केले, गाडीच्या मीटरवरचा सकाळचा व रात्रीचा आकडा, ऑर्डर, कंपनीने दिलेली मजुरी, टिप, कपात आणि पेट्रोल हे रकाने पुरेत. उर्दूत लिहा, मराठीत लिहा, पण रोज लिहा.

२) दरपत्रक आणि इन्सेंटिव्हच्या अटी पडद्यावर आल्या की त्यांचा स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवा. उद्या त्या जागी दुसरेच काही दिसू शकते.

३) आठवड्याची जमा बँकेच्या पासबुकाशी ताडून पाहा. ओळखीच्या गिऱ्हाइकाने ॲपवरून टिप दिली असेल तर किती दिली ते विचारा आणि आपल्याकडे किती जमा झाली ते पाहा.

४) वह्या एकत्र आणा. एका वहीतून तक्रार दिसते, पंधरा वह्यांतून पद्धत दिसते. अमेरिकेत शिप्ट या किराणा पोहोचवणाऱ्या कंपनीने २०२० साली मजुरीचे गणित बदलले. कामगारांनी आपल्या कमाईचे स्क्रीनशॉट एकत्र केले आणि एमआयटी या संस्थेतील संशोधकाच्या मदतीने त्यांचा हिशोब मांडला. सरासरी कमाई फारशी बदललेली नव्हती, पण सुमारे ४० टक्के जणांची मजुरी किमान १० टक्के घटली होती. एकेकट्याला वाटत होते की आपलेच नशीब खोटे.

५) ई-श्रम पोर्टलवर नाव नोंदवा. आधार आणि मोबाइल क्रमांक लागतो. ऑगस्ट २०२१ पासून ही नोंदणी सुरू आहे आणि २०२५ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात ॲपच्या कामगारांना ओळखपत्र व आरोग्य योजनेचा लाभ या नोंदणीमार्फत देण्याचे जाहीर झाले आहे.

व्यापाऱ्यांनी काय करावे?

आपणही या साखळीत आहोत. दुकानाचा माल ॲपच्या टेम्पोने जातो आणि घरी जेवण ॲपवरून येते. तेव्हा गाडी बोलावण्यापूर्वी गठ्ठे बांधून तयार ठेवावेत, कारण आपल्या दारात थांबलेला वेळ बहुधा त्या चालकाच्या खिशातून जातो. टिप द्यायची असेल तर हातात द्यावी. तारे देताना दोष त्या मुलाचा होता की हॉटेलचा, याचा विचार करावा.

आणि एक गोष्ट आपल्या घरची. मीटरवर विणणाऱ्या लूम कामगाराचे कापड मोजताना तो समोर असतो का? नगावर शिवणाऱ्या कारागिराच्या डागी मालाची कपात किती, हे आधी सांगितलेले असते का? उचल किती फिटली आणि किती बाकी, हे त्याच्या हातातल्या कागदावर लिहिलेले असते का? ज्याच्या कारखान्यात ही तीन उत्तरे ‘होय’ अशी आहेत, त्याला ॲपवाल्यांना जाब विचारण्याचा अधिकार आहे. ज्याच्याकडे ‘नाही’ आहेत, त्याने या आठवड्याच्या हिशोबापासून सुरुवात करावी. उजरतीचा दर कारखान्याच्या भिंतीवर लिहावा, मोजणी कामगारासमोर करावी आणि कपातीची नोंद त्याच्या वहीत आपल्या सहीने करावी. याला एका वहीपेक्षा जास्त खर्च येत नाही.